स्वीडनमधील पहिले वर्ष : कोणत्या महिन्यात काय करावे

पुण्या-मुंबईहून, नागपूर-नाशिकहून किंवा गोव्याहून नोकरीसाठी वा शिक्षणासाठी स्वीडनला येणारी बहुतेक मंडळी ऑगस्टमध्ये पोहोचतात, कारण शाळा ऑगस्टच्या मध्यास उघडतात, विद्यापीठांचे सत्र ऑगस्ट-सप्टेंबरच्या सांध्यावर सुरू होते आणि लांबलचक उन्हाळी सुटीनंतर कचेऱ्याही त्याच सुमारास पुन्हा भरतात. म्हणून या लेखातील वर्ष जानेवारीपासून नव्हे, तर ऑगस्टपासून मोजले आहे. नव्याने येणाऱ्याने एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : या देशात कोणतीही गोष्ट ऐनवेळी मिळत नाही, पण वेळेवर अर्ज केला असेल तर ती सहसा बिनबोभाट मिळते. कोकणात पावसाळ्यापूर्वी आगोटीची बेगमी करतात, तसा इथे प्रत्येक ऋतू त्याच्या आधीच्या ऋतूत भरून ठेवावा लागतो.

निघण्यापूर्वी भारतात

विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि मुलांची जन्म प्रमाणपत्रे इंग्रजीत काढून घ्यावीत आणि राज्य पातळीवरील साक्षांकनानंतर त्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टील शिक्का, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य ठरवणारा शिक्का, घ्यावा. लग्नपत्रिका, देवळातील पावती किंवा छायाचित्रे यांचा उपयोग होत नाही. निबंधकाने दिलेले प्रमाणपत्रच लागते. दुसरी बाब नावाची आहे. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव मधले नाव म्हणून येते आणि पासपोर्टवर ते पुष्कळदा स्वतःच्या नावाच्या रकान्यात छापलेले असते. स्वीडनच्या लोकसंख्या नोंदणीत नाव पासपोर्टवरून उतरवले जाते, त्यामुळे पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र आणि पदव्या यांवरील नावे जुळत नसतील, तर ती दुरुस्ती भारतात असतानाच करून घेणे सोपे जाते.

मुलांच्या लसीकरणाची नोंदवही, शाळेचे दाखले आणि नेहमीच्या औषधांची डॉक्टरांनी सही केलेली चिठ्ठी बरोबर असावी. भारतातील बँकेला आपण अनिवासी होत असल्याचे कळवून बचत खाते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे. हिवाळ्याचे जाड जॅकेट मात्र तिकडून आणू नये. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

ऑगस्ट आणि सप्टेंबर : नंबर, ओळखपत्र, बँक

पहिल्या दोन महिन्यांतील कामांचा क्रम ठरलेला आहे आणि तो उलटापालटा करता येत नाही. आधी राहण्याचा पत्ता, मग लोकसंख्या नोंदणी, मग ओळखपत्र, मग बँक खाते, मग बँकआयडी (मोबाइलवरची सही) आणि शेवटी स्विश (फोनवरून पैसे देण्याचे साधन).

पत्ता हा पहिला आणि सर्वांत अवघड टप्पा आहे. मोठ्या शहरांत थेट घरमालक कंपनीकडून मिळणाऱ्या भाड्याच्या घरांसाठी रांग असते. स्टॉकहोममध्ये ती अनेक वर्षांची आहे आणि रांगेतील जागा टिकवण्यासाठी दरवर्षी थोडे शुल्क भरावे लागते. घर आज मिळणार नसले, तरी नाव पहिल्याच महिन्यात नोंदवावे, कारण चार-पाच वर्षांनी त्याच दिवसांची किंमत कळते. तोपर्यंत मूळ भाडेकरूकडून किंवा फ्लॅटच्या मालकाकडून, म्हणजे ‘आंद्राहांड’ पद्धतीने, घर घ्यावे लागते. अशा वेळी घर देणाऱ्याकडे इमारतीच्या मालकाची किंवा गृहनिर्माण संस्थेची परवानगी आहे ना आणि त्या पत्त्यावर आपली नोंदणी करू देण्यास तो तयार आहे ना, हे लेखी विचारावे. केवळ जाहिरात आणि छायाचित्रे पाहून भारतातून आगाऊ रक्कम पाठवू नये. घर प्रत्यक्ष पाहावे किंवा ओळखीच्या माणसाला पाहायला सांगावे. घर मिळाल्याबरोबर घराचा विमा काढावा. इथे तो चैनीचा भाग मानला जात नाही.

नोंदणीचे काम ‘स्कात्तेवर्केत’ म्हणजे कर विभागाकडे असते. किमान एक वर्ष राहण्याचा इरादा आणि तेवढ्या मुदतीचा निवास परवाना असेल, तर अर्ज भरून सर्व कुटुंबीयांसह सेवा केंद्रावर प्रत्यक्ष जावे लागते. पासपोर्ट, निवास परवान्याची कार्डे आणि अपॉस्टील केलेली प्रमाणपत्रे मूळ प्रतीत न्यावीत. काही आठवड्यांनी ‘पर्सूननुम्मर’ टपालाने येतो. जन्मतारीख आणि तिच्यापुढे चार अंक अशी त्याची रचना असते आणि असा क्रमांक देण्याची पद्धत १९४७ पासून चालत आली आहे. दवाखाना, शाळा, वाचनालय, जिम, मोबाइल कंपनी, सगळीकडे तोच विचारतात, म्हणून तो तोंडपाठ करावा. एक वर्षाहून कमी मुदतीसाठी आलेल्यांना वेगळ्या प्रकारचा समन्वय क्रमांक मिळतो आणि त्यावर यातील पुष्कळ सोयी मिळत नाहीत.

नंबर आला की त्याच विभागाकडून ओळखपत्र काढावे. बँका भारतीय पासपोर्टपेक्षा ते पटकन मान्य करतात. बँक खाते उघडल्यावर बँकेकडूनच बँकआयडी मिळते. ही मोबाइलवरची सही आहे आणि तिच्याशिवाय कर विवरण, डॉक्टरची वेळ, शाळेचे अॅप यांपैकी काहीही उघडत नाही. स्विश हे फोनवरून पैसे देण्याचे साधन २०१२ मध्ये सुरू झाले. आता जुन्या बाजारातील टेबलापासून शाळेच्या वर्गणीपर्यंत सगळीकडे तेच चालते आणि कित्येक दुकाने रोख पैसे घेतच नाहीत. पती-पत्नीपैकी एकालाच नोकरी असली, तरी खाते आणि बँकआयडी दोघांनीही स्वतंत्र काढावी. केवळ नोकरी करणाऱ्याकडे ती असेल, तर घरी असलेल्या जोडीदाराला मुलाच्या डॉक्टरची वेळसुद्धा स्वतः घेता येत नाही, आणि हे परावलंबन पहिल्या वर्षी फार जाचते.

याच काळात पुढील अर्ज करून टाकावेत. सामाजिक विमा पाहणाऱ्या ‘फोरसेक्रिंग्सकासान’कडे कुटुंबाची नोंद करावी, बालभत्ता, आजारपणाचा भत्ता आणि पालकत्वाची रजा हे सगळे तिथूनच येते. बालभत्ता प्रत्येक मुलामागे दरमहा १,२५० क्रोनर असतो. एक वर्षावरील मुलासाठी ‘फोरस्कोला’ म्हणजे बालशाळेचा अर्ज नगरपालिकेकडे करावा. अर्जानंतर चार महिन्यांच्या आत जागा देणे नगरपालिकेवर कायद्याने बंधनकारक आहे, म्हणजेच अर्ज एक महिना लांबला तर जागाही तितकीच लांबते. स्थलांतरितांसाठीचे मोफत स्वीडिश वर्ग ‘एसएफआय’ नावाने चालतात. संध्याकाळचे वर्ग असतात आणि घरबसल्याही शिकता येते. कचेरीत इंग्रजी पुरते हे खरे, परंतु सोसायटीची सूचना, शाळेचे पत्र आणि शेजारच्या आजोबांचे बोलणे स्वीडिशमध्येच असते. नोकरीच्या धबडग्यात पुढे वेळ मिळत नाही, म्हणून पहिल्या हिवाळ्यातच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे.

ज्यांची नेमणूक तज्ज्ञ, संशोधक किंवा वरिष्ठ पदावर झाली आहे, त्यांनी तज्ज्ञांसाठीच्या करसवलतीची चौकशी पहिल्याच आठवड्यात कंपनीकडे करावी. पात्र ठरल्यास पगाराच्या २५ टक्के भागावर आयकर लागत नाही, पण काम सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे. मुदत टळली की पात्र माणसाचीही सवलत जाते. बेकारी विम्याचा निधी, ज्याला ‘आ-कासा’ म्हणतात, ऐच्छिक आहे. त्याचे सभासदत्वही नोकरीच्या पहिल्या महिन्यातच घ्यावे.

मुलांची शाळा आणि मराठी

ज्या वर्षी मूल सहा वर्षांचे होते, त्या वर्षीच्या ऑगस्टपासून शाळा सक्तीची आहे. शाळेतील शिक्षण आणि दुपारचे जेवण मोफत असते. मूल शाकाहारी असेल किंवा गोमांस खात नसेल, तर सत्राच्या सुरुवातीलाच विशेष आहाराचा अर्ज भरून द्यावा; वर्गशिक्षिकेला तोंडी सांगून पुरत नाही, कारण स्वयंपाकघर तो कागद पाहून ताटे मोजते. घरी खरेदी करतानाही शाकाहारी कुटुंबांनी लेबल वाचण्याची सवय लावावी. मुलांच्या रंगीत गोळ्यांमध्ये पुष्कळदा जिलेटिन असते आणि अनेक प्रकारच्या चीजमध्ये दूध घट्ट करण्यासाठी प्राण्यांच्या जठरातून काढलेले रेनेट असते.

मराठी पालकांनी न चुकता करावा असा आणखी एक अर्ज आहे. घरात रोज दुसरी भाषा बोलली जात असेल, तर मुलाला त्या मातृभाषेचे शिक्षण शाळेमार्फत मिळू शकते. नगरपालिकेतील किमान पाच मुलांनी एका भाषेची मागणी केली आणि योग्य शिक्षक उपलब्ध असला, तर तो वर्ग देणे नगरपालिकेचे कर्तव्य ठरते. पुष्कळ घरे ‘आमच्या एकट्याच्या अर्जाने काय होणार’ म्हणून अर्जच करत नाहीत, आणि मग पाचाचा आकडा कधीच भरत नाही. अर्जावर भाषा म्हणून ‘हिंदी’ किंवा ‘भारतीय’ असे न लिहिता ‘मराठी’ असेच लिहावे, ओळखीच्या मराठी कुटुंबांनाही तेच सांगावे, आणि कोणी शिकवण्यास योग्य व इच्छुक असेल तर त्यांचे नाव नगरपालिकेला कळवावे. गणेशोत्सव नेमका याच दिवसांत येतो आणि मोठ्या शहरांतील मराठी मंडळी तो एकत्र येऊन साजरा करतात. अशी पाच कुटुंबे गाठायला त्याहून चांगली जागा नाही.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर : अंधाराची तयारी

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि भारताशी असलेले साडेतीन तासांचे अंतर साडेचार तासांचे होते. घरच्यांशी बोलण्याची ठरलेली वेळ त्यानुसार बदलावी. मार्चच्या शेवटच्या रविवारी ती पुन्हा बदलते. त्या ऑक्टोबरी रविवारनंतर संध्याकाळ अचानक अंगावर येते. डिसेंबरच्या मध्यास स्टॉकहोममध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी तीनच्या आत मावळतो, तर उत्तरेकडील किरुना येथे तो सुमारे तीन आठवडे उगवतच नाही. भारतातून येणाऱ्यांना धास्ती थंडीची असते, पण खरा त्रास या अंधाराचा होतो. खोल्या एकवीस अंशांच्या आसपास गरम असतात आणि थंडीला कपडे पुरतात. अंधारासाठी मात्र दिनक्रमच बदलावा लागतो. दुपारच्या जेवणाच्या सुटीत, आभाळ भरलेले असले तरी, अर्धा तास बाहेर चालून यावे. खिडकीशी दिवा लावावा आणि आठवड्यातून एक संध्याकाळ कोणत्या तरी वर्गासाठी, खेळासाठी किंवा गायनासाठी बांधून घ्यावी. नोव्हेंबरमध्ये उत्तर सोडली तर बर्फ सहसा नसते, पाने गळून गेलेली असतात आणि सण जवळ नसतो. माझ्या मते वर्षातील सर्वांत कठीण महिना हाच. थकवा, अतिझोप किंवा उदासी आठवडे उलटले तरी हटत नसेल, तर आरोग्य केंद्रात सांगावे. इथे ती नेहमीची तक्रार समजली जाते. ‘ड’ जीवनसत्त्वाविषयीही तिथेच विचारावे. तान्ह्या मुलांना त्याचे थेंब बालआरोग्य केंद्रातून दोन वर्षांपर्यंत मोफत मिळतात.

अंगावर चमकणारी पट्टी किंवा लोलक, ज्याला इथे ‘रेफ्लेक्स’ म्हणतात, लहान-मोठ्या सर्वांनी लावावा. डिपर लावलेल्या गाडीच्या चालकाला गडद कपड्यांतील माणूस पंचवीस-तीस मीटरवर आल्यावर दिसतो, रेफ्लेक्स लावलेला सुमारे १२५ मीटरवरूनच दिसतो.

कपड्यांचे तत्त्व थरांचे आहे. अंगाला लागून मेंढीच्या लोकरीचा पातळ थर, वर फ्लीस किंवा स्वेटर आणि सर्वांत बाहेर वारा-पाणी अडवणारे कवच. सुती बनियन घाम धरून ठेवते आणि माणूस आतूनच गारठतो. खरेदी ऑक्टोबरमध्येच करावी, आणि लहान मुलांसाठी आधी वापरलेल्या कपड्यांच्या दुकानांत डोकवावे, कारण चांगल्या प्रतीचे कपडे तिथे स्वस्तात मिळतात आणि मूल पुढच्या वर्षी त्यांत मावणार नसते.

ही तयारी कशासाठी, ते बालशाळेच्या कपडे टांगण्याच्या दालनात पाहिले की कळते. प्रत्येक मुलाच्या नावाची खुंटी, खाली बुटांची जागा आणि वर कोरड्या कपड्यांची पेटी असते. खुंटीवर रबरी पावसाळी विजार, एकसंध हिवाळी पोशाख, लोकरी टोपी आणि हातमोज्यांच्या दोन जोड्या असाव्या लागतात, कारण पहिली जोडी दहा वाजेपर्यंत चिंब होते. पाऊस, चिखल, बर्फ काहीही असो, मुले रोज बाहेर खेळतात, आणि तान्ही मुले बाबागाडीत गुंडाळून मोकळ्या हवेत झोपवतात. ‘सर्दी आहे, आज बाहेर नेऊ नका’ ही विनंती इथे रुजत नाही. बाहेर खेळण्याइतके बरे नसलेले मूल घरीच ठेवायचे असते. प्रत्येक कपड्यावर, अगदी मोज्यावरही, नाव घालावे.

दिवाळीत घरात पणत्या लावायला हरकत नाही, पण जिन्यात पणत्या, चपला किंवा बाबागाडी ठेवू नये, कारण आगीच्या वेळी जिना हीच सुटकेची वाट असते. खिडकीतला आकाशकंदील शेजाऱ्यांना आवडतो. फटाक्यांसाठी नगरपालिकेचे नियम असतात आणि अग्निबाणांना २०१९ पासून परवाना लागतो; विचारल्याशिवाय काही उडवू नये. फराळ तळताना स्वयंपाकघरातील हवा ओढणारा पंखा पूर्ण क्षमतेने लावावा, नाहीतर धुराची घंटा वाजते. वाजली म्हणून तिची बॅटरी काढून ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

गाडी असेल, तर १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर हिवाळी स्थिती असताना हिवाळी टायर सक्तीचे आहेत. टायर बदलण्याची वेळ ऑक्टोबरमध्येच घ्यावी.

इमारतीतील कपडे धुण्याची खोली

कोणत्याही ऋतूशी बांधलेला नाही, तरी शेजाऱ्यांशी संबंध जोडणारा किंवा बिघडवणारा विषय ‘त्वेत्तस्तूगा’ हा आहे. बहुतेक जुन्या इमारतींत धुलाईयंत्रे तळघरातील सामाईक खोलीत असतात. दाराशी महिन्याच्या तारखा आणि वेळांची छिद्रे असलेली पाटी असते आणि प्रत्येक घराला आपल्या क्रमांकाचे छोटे कुलूप मिळते. हव्या त्या छिद्रात कुलूप लावले की ते काही तास आपले. नव्या इमारतींत हेच काम अॅपवर होते. वेळ संपण्यापूर्वी कपडे वाळवून, वाळवण यंत्राच्या जाळीतील लव काढून, साबणाचा कप्पा पुसून आणि फरशी झाडून बाहेर पडावे. दुसऱ्याच्या वेळेत पाच मिनिटे घुसणे इथे उद्धटपणाचे मानतात. कोणी तोंडावर बोलत नाही, भिंतीवर चिठ्ठी लागते.

डिसेंबर

पहिल्या ॲडव्हेंट रविवारपासून, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्यापासून, घरोघरी खिडकीत तारे आणि मेणबत्त्यांच्या आकाराचे दिवे लागतात. १० डिसेंबर हा आल्फ्रेड नोबेल यांचा स्मृतिदिन. त्या दिवशी स्टॉकहोममध्ये १९०१ पासून पारितोषिके दिली जातात. १३ डिसेंबरला लूसिया हा प्रकाशाचा सण असतो. भल्या पहाटे मुले पांढरे झगे घालून गाणी म्हणतात आणि पालकांना बालशाळेत बोलावतात, तेव्हा त्या सकाळी कचेरीतील बैठक ठेवू नये. कचेरीचे नाताळचे जेवण हेरिंग आणि हॅमने भरलेले असते. शाकाहारी ताट नोव्हेंबरमध्येच कळवावे.

मुख्य सण २४ तारखेला घरच्या घरी होतो. दुकाने लवकर बंद होतात, बस-गाड्या कमी होतात आणि शहर ओस पडते. एकटे असलेल्या विद्यार्थ्यांनी त्या तीन दिवसांची सोय आधी करावी आणि ज्यांचे घर आहे त्यांनी अशा एखाद्या विद्यार्थ्याला जेवायला बोलवावे.

जानेवारी ते मार्च : बर्फ, आजारपण, कर

पायाखालचा घसरडा बर्फ हा थंडीपेक्षा मोठा धोका आहे. बुटांना अडकवायचे खिळेदार पट्टे औषधाच्या किंवा बुटांच्या दुकानांत मिळतात. छपरावरून बर्फ कोसळण्याची सूचना लावलेल्या पदपथावरून चालू नये. गोठलेल्या तळ्यावर अनुभवी माणसाबरोबरच जावे, ताज्या टणक बर्फाची जाडी किमान दहा सेंटिमीटर हवी आणि बर्फ फुटून पाण्यात पडल्यास बाहेर येता यावे म्हणून गळ्यात बर्फात रोवण्याचे टोकदार खिळे असावेत.

फेब्रुवारीत बालशाळेतील मुले पाळीपाळीने आजारी पडतात. आजारी मुलासाठी घरी राहणाऱ्या पालकाला भत्ता मिळतो. त्यासाठी पहिल्याच दिवशी कामाच्या ठिकाणी कळवावे आणि नंतर सामाजिक विम्याकडे अर्ज करावा. मूल बारा वर्षांचे होईपर्यंत वर्षाला १२० दिवसांपर्यंत ही सोय आहे. वडिलांनी मुलासाठी घरी राहणे इथे अगदी नित्याचे आहे आणि आपल्या घरांतही ते तसेच व्हावे. वैद्यकीय सल्ल्यासाठी आधी ११७७ हा क्रमांक फिरवावा; तिथल्या परिचारिका डॉक्टरकडे कधी जायचे ते सांगतात. सध्या ‘वाट पाहा, पाणी प्या’ हा सल्ला वारंवार मिळतो आणि प्रतिजैविके सहजी लिहून दिली जात नाहीत, त्यामुळे नव्याने आलेले पालक अस्वस्थ होतात. तरीही लक्षणे बदलली, श्वास लागला, मूल मलूल झाले, तर पुन्हा फोन करून स्पष्ट सांगावे, आणीबाणीत ११२.

शाळांना फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवड्याची सुटी असते आणि ती भागाप्रमाणे बदलते : गोथेनबर्गकडे सातवा आठवडा, स्टॉकहोमला नववा. सगळा देश तारखांऐवजी आठवड्यांच्या क्रमांकांनी बोलतो, म्हणून फोनच्या दिनदर्शिकेत ते क्रमांक दिसतील अशी सोय करावी. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर या महिन्यांच्या पहिल्या सोमवारी दुपारी तीन वाजता शहरभर भोंगे वाजतात. ती चाचणी असते, घाबरू नये. अन्य वेळी वाजले तर घरात जाऊन खिडक्या लावाव्यात आणि रेडिओ ऐकावा. संकटकाळासाठी घरात एक आठवडा पुरेल इतके पाणी, कोरडे अन्न आणि बॅटरीवरचा रेडिओ ठेवावा, असे सरकार सर्वांना सांगते. नोव्हेंबर २०२४ पासून त्याची पुस्तिका घरोघरी पाठवली गेली.

मार्चमध्ये आधीच भरलेले कर विवरण येते. त्यातील आकडे तपासून बँकआयडीने मान्यता द्यावी; बदल नसेल आणि मान्यता लवकर दिली असेल, तर परतावा एप्रिलमध्येच मिळतो. त्यासाठी बँक खात्याचा क्रमांक कर विभागाकडे आधी नोंदवलेला हवा. अंतिम मुदत मे महिन्याच्या सुरुवातीस असते. ‘आधीच भरलेले आहे’ म्हणून डोळे झाकून मान्यता देऊ नये, कारण स्वीडनचा रहिवासी झाल्यावर जगभरचे उत्पन्न इथे दाखवावे लागते, आणि भारतातील मुदत ठेवींचे व्याज, फ्लॅटचे भाडे किंवा म्युच्युअल फंडाचा नफा त्या भरलेल्या विवरणात आपोआप आलेला नसतो. दोन्ही देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार असल्याने भारतात भरलेल्या कराची वजावट मागता येते. भारतातील कर कापल्याचे दाखले त्यासाठी जपून ठेवावेत.

एप्रिल आणि मे

ईस्टरच्या आधी मुले चेटकिणीचा वेश करून चित्र घेऊन दार वाजवतात. गोळ्या-चॉकलेट घरात असू द्यावे. ३० एप्रिलला वाल्बोर्गच्या होळ्या पेटतात आणि वसंताचे स्वागत होते.

रानात आणि उंच गवतात गोचिडी वाढतात. त्यांच्या चाव्यातून लाइम रोग आणि मेंदूज्वराचा एक प्रकार होऊ शकतो. मेंदूज्वरावर लस आहे. स्टॉकहोमच्या परिसरात आणि बेटांवर हिंडणाऱ्यांनी ती फेब्रुवारी-मार्चमध्येच सुरू करावी, म्हणजे उन्हाळ्यापूर्वी दोन मात्रा होतात. बाहेरून आल्यावर मुलांचे गुडघ्यामागचे भाग, काखा आणि केसांची मुळे पाहावीत.

उन्हाळ्याची सगळी सरकारी कामे मेअखेर उरकावीत, कारण जुलैमध्ये कचेऱ्यांतील निम्मी माणसे रजेवर असतात. बालशाळेत उन्हाळी हजेरीचे वेळापत्रक वसंतातच मागतात. रजेविषयीही याच वेळी विचारावे. कायद्याने वर्षाला २५ दिवस रजा मिळते आणि जून ते ऑगस्टमध्ये सलग चार आठवडे घेण्याचा हक्कही असतो, पण कायद्यातील पद्धतीप्रमाणे पगारी दिवस हे आदल्या एप्रिल ते मार्च या काळातील कामावर मिळतात. ऑगस्टमध्ये रुजू झालेल्या माणसाचे पगारी दिवस त्यामुळे पहिल्या उन्हाळ्यात कमी भरू शकतात. काही कंपन्या आगाऊ पगारी रजा देतात. ती रजा पुढे नोकरी सोडताना पगारातून वळती होऊ शकते का, हे करारात वाचावे आणि मगच भारताचे तिकीट काढावे.

जून आणि जुलै

६ जून हा राष्ट्रीय दिन. १५२३ साली याच दिवशी गुस्ताव वासा यांची राजा म्हणून निवड झाली, आणि २००५ पासून त्याची सार्वजनिक सुटी असते. मिदसोम्मार हा ऐन उन्हाळ्याचा सण १९ ते २५ जूनमधील शुक्रवारी येतो. हिरव्या पानाफुलांनी सजवलेल्या खांबाभोवती नाच होतो, नवे बटाटे आणि स्ट्रॉबेरी खातात, आणि त्या दिवशी पुष्कळ दुकाने बंद असतात किंवा लवकर बंद होतात. गाडी किंवा कॉटेज भाड्याने हवे असेल, तर मार्चमध्येच नोंदवावे. रात्र जवळजवळ होतच नाही, म्हणून मुलांच्या खोलीला जाड काळे पडदे लावावेत.

उन्हाळ्याचे खरे वैभव ‘आल्लेमान्सरेत’ हा सर्वांचा हक्क आहे. कोणाच्याही मालकीच्या रानातून चालावे, एखादी रात्र तंबू ठोकावा, जुलै-ऑगस्टमध्ये ब्लूबेरी आणि नंतर लिंगनबेरी वेचाव्यात. घराच्या अंगणाजवळ आणि पिकात जाऊ नये, ओली फांदी तोडू नये, कचरा मागे ठेवू नये. राष्ट्रीय उद्यानांचे नियम वेगळे असतात. अळंबी ओळखणाऱ्याबरोबरच गोळा करावीत, कारण इथल्या रानात प्राणघातक जातीही उगवतात. आग लावण्यावर बंदी आहे का, ते रोज पाहावे. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात मोठे वणवे लागले, तेव्हापासून लोक याबाबत फार दक्ष झाले आहेत. पोहता न येणाऱ्या मुलाला धक्क्यावरसुद्धा तरंगजाकीट घालावे आणि पोहण्याच्या वर्गात नाव घालावे.

दोन मुदती या सुटीच्या गडबडीत निसटतात. भारतीय वाहन परवाना लोकसंख्या नोंदणीपासून एकच वर्ष चालतो आणि तो बदलून मिळत नाही. नव्याने डोळ्यांची तपासणी, गाडी चालवण्यातील जोखमीविषयीचे दोन प्रशिक्षण वर्ग, लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्याव्या लागतात, आणि परीक्षेच्या तारखा लांब मिळत असल्याने ही प्रक्रिया जानेवारीतच सुरू केलेली बरी. निवास परवाना संपत येत असेल, तर मुदतवाढीचा अर्ज परवाना संपण्यापूर्वी करावा. तसा केल्यास निर्णय होईपर्यंत इथे राहता येते, पण जुने कार्ड संपलेले आणि नवे हाती नाही अशा स्थितीत भारतात गेल्यास परतीचा प्रवास अडतो. म्हणून आई-वडिलांना भेटायला जाण्याचे तिकीट काढताना, परतीच्या तारखेला कार्ड वैध आहे ना, हे घरातील प्रत्येकाचे कार्ड हातात घेऊन पाहावे. पती-पत्नी आणि मुले यांच्या कार्डांवरील तारखा नेहमी सारख्या असतातच असे नाही.